चुकणे, हुकणे, मुकणे

५ नोव्हेंबर, मंगळवार

परत त्याच खुर्चीत! चार वर्षांनी. खुर्ची तीच, उशी मात्र कुणीतरी पळवली.

कोशाच्या कार्यालयातून परवा फोन आला होता. इंग्रजी–मराठी कोशाची नवी आवृत्ती निघते आहे, सगळा कोश संगणकावर चढतो आहे. रोजच्या वापरातले पन्नासेक शब्द जुन्या माणसाकडून तपासून घ्यायचं ठरलंय. जुनं माणूस म्हणजे मी. बाकीचे एक तर गेले, नाहीतर त्यांचे डोळे गेले. नव्या संपादकबाई माझ्या निम्म्या वयाच्या असतील. भराभर चालतात, भराभर बोलतात, पण खुर्ची स्वतःच्या रुमालाने पुसून दिली.

"ताई, सोप्यापासून सुरुवात करू. मिस. दोन दिवसांत होईल."

"होईल," म्हटलं. पस्तीस वर्षं या कामात गेल्यावर एवढं कळतं की अवघड शब्द सोपे असतात. मूत्रपिंड म्हणजे मूत्रपिंड, विषय संपला. जीव खातात ते सोपे.

६ नोव्हेंबर, बुधवार

दिवसभरात तीन शब्द. चुकणे, हुकणे, मुकणे. ओळीने लिहिले तर सख्खी भावंडं वाटतात. गाडी चुकते, संधी हुकते, माणूस सुखाला मुकतो. नेम चुकतो आणि हुकतोही. गाडी हुकली म्हणणारेही भेटतात. पण गाडीला मुकलो म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटेल, चोरीला गेली.

त्यात पुन्हा प्रुफातली चूक नजरेतून सुटते, पायरी चुकते, ठोका चुकतो. इंग्रजांनी एका शब्दात भागवलं. आपल्याला प्रत्येक चुकीला वेगळं क्रियापद लागतं.

घरी आल्यावर वहिनीला सांगितलं. दादा गेल्यापासून आम्ही दोघीच आहोत घरात. ती भाजी चिरता चिरता म्हणाली, "आमच्या शाळेत मिस म्हणजे छडी. त्यात काय एवढं शोधायचं?"

आणि नेहमीप्रमाणे पहिला चहा मला. स्वतःचा नंतर. तीसेक वर्षं बघते आहे.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

आज कुमारी. इंग्रजीत ती मिस वेगळी, तिची नोंद वेगळी, आडनावाचा योगायोग म्हणायचा. पण एकाच खणात राहतात.

हजेरीपटावर पस्तीस वर्षं माझ्या नावामागे 'कु.' होतं. पन्नाशीला आले तेव्हा हिशेबनीस घसा साफ करत टेबलाशी आला. "बाई, नवीन हजेरीपट करतोय. ते कु. तसंच ठेवू, की... श्रीमती करू?" म्हटलं, "का? कालपासून काही बदललंय का माझ्यात?" बिचारा लाल झाला. कु. राहिलं. निवृत्तीच्या कागदावरही कु. आहे. साठ वर्षांची कुमारी!

संध्याकाळी संपादकबाईंना विचारलं, मिस्ड कॉल घ्यायचा का कोशात. त्या म्हणाल्या, "घ्यायलाच हवा. पण अर्थ काय लिहिणार?" खरंच, काय लिहिणार? 'मिस्ड कॉल दे' म्हणतो आपण. म्हणजे चुकायचं आहे हे आधीच ठरवून केलेला फोन.

११ नोव्हेंबर, सोमवार

जुन्या कार्डांचे खण आता जिन्याखाली ठेवलेत. लाकडी, पितळी कड्यांचे. एक खण ओढला, जुन्या डिंकाचा वास आला. मिसचं कार्ड सापडलं आणि हात तिथेच थांबला. स्वल्पविरामचं अक्षर.

हे नाव सगळ्या कार्यालयाने ठेवलं होतं त्याला. बोलता बोलता मध्येच थांबायचा. "मला वाटतं, या शब्दाला, अजून एक अर्थ आहे." आमचे मुख्य संपादक, ज्यांना सगळे नुसतं सर म्हणायचे, ते वैतागायचे. "तुमचं वाक्य संपेपर्यंत आवृत्ती निघेल हो." तो हसायचा. चिडलेला कधी पाहिला नाही.

आमची टेबलं समोरासमोर. सरांना आवाज खपत नसे, म्हणून भांडणं चिठ्ठ्यांवर. मी लिहायची — 'नेम हुकतो' ही चूक आहे. पलीकडून चिठ्ठी यायची — ती चूक हुकली की चुकली, ते आधी ठरव. एकदा हसू आवरेना म्हणून मी तोंडात रुमाल कोंबून जिन्यात जाऊन बसले होते. पंचवीस–सव्वीस वर्षांची घोडी!

घरी जाताना तो सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालायचा. पुलापर्यंत. तिथून त्याचा रस्ता वेगळा. पुलावर उभं राहून दोन शब्द तरी निकालात निघायचे. दोन वर्षं असं चाललं. त्याहून बरं वाटेल असं पुढे काही आयुष्यात घडलं का, आठवून पाहिलं. कामं झाली, कोश निघाला, सत्कार झाला. पण पूल तो पूलच.

मग त्याला दुसऱ्या गावी कॉलेजात नोकरी लागली. पुलावरच म्हणाला, "रविवारी, अकरा वाजता, वस्तुसंग्रहालयाच्या दारात ये. आलीस तर, दुपारीच तुझ्या दादाशी बोलतो. नाही आलीस तर, मी पुन्हा विचारणार नाही."

त्या रविवारचं आज लिहीत नाही.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

बारकीचा फोन. दादाची मुलगी. अडतीस वर्षांची झाली, परदेशात पुलांची तपासणी करते, हाताखाली सहा माणसं आहेत, तरी आमच्यासाठी बारकीच. फोन ठेवताना म्हणते, "मिस यू, आत्या."

"मराठीत सांग," म्हटलं. कामाचा भाग म्हणून.

ती विचारात पडली. "आठवण येते?"

"ती तर विजेचं बिल भरायचीही येते."

"मग तू सांग ना. कोश तुझा."

फोन ठेवल्यावर सुचलं — चुकल्याचुकल्यासारखं वाटतं! हेच की. आपल्याकडेही तिथे 'चुकणं'च आहे. आपलं माणूस घरात नसलं की आपलंच काहीतरी चुकलंय असं वाटतं. लगेच कार्डावर लिहिलं. बरं वाटलं फार.

ती दीड वर्षाची असताना वहिनी छातीच्या दुखण्याने आठ महिने इस्पितळात होती. तेव्हा बारकी माझ्याच कडेवर. सकाळी शेजारच्या आजीकडे ठेवायची, कार्यालयातून आले की पुन्हा कडेवर. पुढे शाळेत जायला लागली तशी मला समोर बसवून स्वतः मिस व्हायची. मी रोज नापास.

नातेवाइकांत एक वाक्य सगळ्यांना पाठ आहे — आत्याने बारकीपायी लग्न केलं नाही. तिनेही ते लहानपणापासून ऐकलं आहे.

१८ नोव्हेंबर, सोमवार

संपादकबाईंनी जुनं कार्ड पाहिलं. "हे कुणी लिहिलंय? छान नेमकं आहे." नाव सांगितलं, तर म्हणाल्या, "अहो, ते आपल्या सल्लागारांच्या यादीत आहेत. गेल्या वर्षीच इथे राहायला आले, मुलीकडे. तुमची नोंद झाली की त्यांच्याकडेच जाईल वाचायला. त्यापेक्षा तुम्ही आधीच भेटून या ना."

गेल्या वर्षीच. म्हणजे वर्षभर एकाच गावात आहोत, एखाद्या वेळी एकाच दुकानात भाजी घेत असू.

नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. पत्ता लिहून घेतला.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

जाऊन आले.

तिसरा मजला. मुलीने दार उघडलं, चहाचं सामान दाखवलं आणि कामावर गेली. तो खिडकीशी बसला होता. डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली आहे, भिंग घेऊन वाचतो. मागे कोशाचे सगळे खंड, प्रत्येकाला कागदाचं कव्हर घातलेलं.

"तू, बारीक झालीस," म्हणाला.

"तू जाड झालास."

बस, सदतीस वर्षं एवढ्यात आटोपली. मी कागद काढले. तो भिंग लावून बसला आणि पहिल्याच ओळीला अडला. "उणीव भासणे? हे कुणी लिहिलं? असं, कोण बोलतं?"

"तूच लिहिलंस."

"तेव्हा मला, काय कळत होतं."

मग दोन तास. चहा दोनदा झाला. चुकल्याचुकल्यासारखं वाटणे त्याला एकदम पसंत पडलं, टेबलावर थाप मारली. पण म्हणाला, एक राहिलं. करमत नाही. "बायको गेली, चार वर्षांपूर्वी. लोक विचारायला यायचे. मी सांगायचो, तिची आठवण येते. खोटं. आठवण यायला, मधे विसरावं लागतं. मला, करमत नव्हतं."

मी लिहून घेतलं. त्याच्याकडे न बघता. मग मुद्दाम म्हटलं की करमणे हे क्रियापद बहुतेक नकारातच येतं. लगेच मान वर. "का? 'आता करमायला लागलं,' म्हणतात की." भांडलो थोडं. किती वर्षांनी असं कुणाशी भांडले! चिठ्ठी नाही, सर नाहीत, मोठ्याने भांडलो.

निघाले तर लिफ्टपर्यंत आला. बटण दाबलं, आणि म्हणाला, "एक विचारू? त्या रविवारी, तू, मागच्या दाराशी होतीस ना? बागेच्या बाजूच्या?"

मी हातातले कागद पिशवीत कोंबले.

"संग्रहालयाला दोन दारं आहेत, हे माझ्या, नंतर लक्षात आलं. मी समोर उभा होतो. दीड वाजेपर्यंत."

लिफ्ट आली.

"हो," म्हटलं. "मागच्या."

"तरीच," म्हणाला.

चेहरा मोकळा झाला त्याचा. मग लिफ्टचं दार लागलं.

२३ नोव्हेंबर, शनिवार

चुकामूक. इंग्रजीत याला एकच शब्द नाही. दोघंही निघाली, दोघंही पोचली, आणि भेट नाही. दोष कुणाचाच नाही. किती सोयीचा शब्द!

२४ नोव्हेंबर, रविवार

संग्रहालयात जाऊन आले. वहिनीला सांगितलं, पाय मोकळे करते.

मागचं दार बागेत उघडतं. दगडी चौकट, तीन पायऱ्या, समोर एक बाक. बाकावर एक आजोबा पेपरातलं कोडं सोडवत होते, जागा करून दिली. सदतीस वर्षांपूर्वी इथे उभ्या असलेल्या मुलीचा विचार केला. तिला निळे कपडे घातले. मनगटावर घड्याळ बांधलं. हातात छत्री दिली, मग काढून घेतली. अकरा ते दीड. ती मधे मधे पायऱ्या उतरून रस्त्याकडे बघून येत असणार. आणि तो पलीकडच्या अंगाला, सायकल भिंतीला टेकवून. मधे एवढी इमारत — जुनी भांडी, नाणी, दगडाचे हत्ती.

डोळे भरून आले. आजोबांनी विचारलं, "बरं वाटत नाही का?" म्हटलं, "वाटतंय."

२७ नोव्हेंबर, बुधवार

बेपत्ता, गहाळ, हरवलेला. माणूस बेपत्ता, कागद गहाळ, छत्री हरवलेली. माणूस गहाळ झाला म्हटलं तर तो कुठल्या तरी फायलीत सापडेल असं वाटतं. संपादकबाई खळखळून हसल्या. हसतात तेव्हा भराभर बोलायच्या थांबतात, बऱ्या वाटतात.

नोंद जवळजवळ झाली. दोन दिवसांचं काम तीन आठवडे.

१ डिसेंबर, रविवार

बारकी नोकरी सोडते आहे.

फोनवर असं सांगितलं जसं एखादी केस कापल्याचं सांगेल. जानेवारीपासून तिला विभागप्रमुख करणार आहेत — ज्यासाठी ती दहा वर्षं राबली. ते नको म्हणते. राजीनाम्याचं पत्र लिहून ठेवलंय, शुक्रवारी देणार. इकडे येऊन राहणार आमच्यापाशी.

"कशासाठी?" मी विचारलं.

"आईला दिसत नाही नीट, तुझे गुडघे. कुणीतरी हवं ना."

"आम्हाला शेजार आहे, डॉक्टर आहे, लिफ्ट आहे. तुला तिकडचा कंटाळा आलाय का?"

"नाही. मला आवडतं इथे. खूप आवडतं. पण आत्या, तू माझ्यासाठी सगळं सोडलंस. त्या माणसाला नाही म्हणालीस. तेव्हा मी दीड वर्षाची होते, मला कुणी विचारलं नव्हतं. आता तरी माझी पाळी येऊ दे."

वहिनी बाजूला बसून डोळे पुसत होती. "गुणाची ग बाई," म्हणाली.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं.

२ डिसेंबर, सोमवार

कामात लक्ष नाही. एकच कार्ड तीनदा लिहिलं. तिसऱ्यांदाही तीच चूक.

३ डिसेंबर, मंगळवार

लिहून टाकते.

त्या रविवारी मी घराबाहेर पडलेच नव्हते.

मागचं दार नाही, पुढचं दार नाही, काही नाही. वहिनी इस्पितळात होती हे खरं. पण दादाला सुट्टी होती. सकाळीच म्हणाला, "तुला कुठे जायचंय ना, जा. संध्याकाळपर्यंत बारकीला मी बघतो." तिला घेऊन खाली बागेत गेलासुद्धा. मी दहा वाजता तयार होते. चपला घातल्या होत्या. खुर्चीत बसले, जरा वेळ म्हणून. साडेदहा झाले. पोचायला वीस मिनिटं लागतात. पावणेअकरा झाले. उठलं की झालं, एवढंच होतं. उठले नाही. अकराचे ठोके शेजारच्या घड्याळात ऐकले आणि चपला काढल्या.

कुणी अडवलं नाही. बारकी रडली नाही, हात धरला नाही. ती खाली झोक्यावर होती.

मला तो आवडायचा. फार आवडायचा. पण मला पूल हवा होता, त्याच्या पुढचा रस्ता नको होता. परक्या गावी जाऊन त्याच्या घरात मी दिवसभर काय केलं असतं? इथे माझं टेबल होतं, खण होते, रोज नवा शब्द होता. ते सोडायचं नव्हतं मला. आणि हे त्याच्या तोंडावर सांगायची हिंमत नव्हती. म्हणून गेले नाही. तो आपोआप समजून घेईल म्हणून. घेतलं त्याने. बुधवारी गेला.

आठवड्याने दादाला कळलं. म्हणाला, "का ग नाही म्हणालीस?" बारकी माझ्या कडेवर होती. मी नुसतं तिच्याकडे पाहिलं. बास. बाकीचं त्याने जुळवलं, मग वहिनीने, मग सगळ्या गोताने. मी एकदाही खोटं बोलले नाही. कधी दुरुस्तही केलं नाही. टेबल आवडतं म्हणून लग्न न करणारी बाई लोकांना विचित्र वाटली असती. भाचीसाठी राहिलेली सगळ्यांना आवडली. मलाही आवडायला लागली ती.

रविवारी बागेत त्या मुलीसाठी रडले. ती मी नव्हतेच.

४ डिसेंबर, बुधवार

बारकीला फोन केला. वर लिहिलं तेच सांगितलं, तसंच, मधे न थांबता.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"म्हणजे मी झोक्यावर होते," ती म्हणाली.

"हो."

"आणि तुला जायचंच नव्हतं."

"नव्हतं."

"आत्या, मला शाळेत कमी मार्क पडले की मावशी म्हणायची, 'तुझ्यासाठी आत्याने काय केलंय ते आठव.' मला ताप आला तरी तेच. इथे यायला निघाले तेव्हा विमानात मी रडत होते, की मी हिला टाकून चालले. तुला कधीच वाटलं नाही सांगावंसं?"

"वाटलं. नाही सांगितलं."

"का?"

"कौतुक आवडत होतं."

तिने फोन ठेवला.

मागे वळले तर वहिनी दारात. सगळं ऐकलं होतं. मी खुर्चीत बसले. तिने हातातल्या फडक्याची घडी घातली. मग म्हणाली, "आणि मी तीस वर्षं तुला पहिला चहा देतेय. पेल्यावरची साय काढून!"

आत गेली. भांड्यांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा.

५ डिसेंबर, गुरुवार

सकाळी वहिनीने दोन कप एकदम आणले. एकीचा आधी नाही, एकीचा नंतर नाही. बसली, फुंकर मारत प्याली आणि म्हणाली, "पण आठ महिने सांभाळलंस तिला, ते तर खरं ना?"

"ते खरं."

"मग झालं."

कार्यालयात जाऊन नोंद पूर्ण केली. सहा अर्थ होते, सातवा वाढवला. वर्गाला न जाणे, ठरलेल्या भेटीला न जाणे — चुकवणे. इंग्रजीत दोन्हींना मिसच म्हणतात. तास चुकला आणि तास चुकवला यांतला फरक तिकडे वाक्यावरून ओळखायचा. आपल्याकडे एका अक्षरात पकडले जातो.

संपादकबाईंनी वाचलं. "हा कसा राहिला होता इतकी वर्षं?" म्हणाल्या. पाकिटात घालून सल्लागारांकडे पाठवायला दिलं. म्हणजे त्याच्याकडे.

काढून घ्यावंसं वाटलं होतं पाकीट. घेतलं नाही.

६ डिसेंबर, शुक्रवार

आज शुक्रवार. फोन नाही.

९ डिसेंबर, सोमवार

बारकीचा फोन आला. सकाळी सातला, म्हणजे तिच्याकडे कुठल्या भलत्याच वेळी.

"पत्र फाडलं," म्हणाली. "विभागप्रमुख होतेय. तुझ्यासाठी नाही हं. मला व्हायचंय म्हणून."

"तसंच हवं."

"मी अजून चिडलेय तुझ्यावर."

"चीड."

"खूप दिवस चिडणार आहे. पण रोज फोन करून चिडेन. पाच दिवस नाही बोलले तर करमेना."

वहिनीला फोन दिला आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले. पस्तीस वर्षं शब्दांत काढली, पण कुणी आपल्यासाठी तो शब्द वापरला की काय होतं, ते कार्डावर लिहिता येत नाही.

तिला मी मुकले असते. मग तिसरं भावंड कामाला आलं असतं.

१३ डिसेंबर, शुक्रवार

'कॉल' सुरू केला. संपादकबाई म्हणतात, सोपा आहे.

सल्लागारांकडून अजून काही आलेलं नाही. मी विचारलं नाही. वहिनी विचारते.

१८ डिसेंबर, बुधवार

त्याचं पत्र आलं. कार्यालयाच्या नाही, घरच्या पत्त्यावर. अक्षर वेडंवाकडं, भिंग लावून लिहिलेलं.

'सातवा अर्थ, बरोबर आहे. राहू दे. त्या वर्षी संग्रहालयाचं मागचं दार, डागडुजीसाठी बंद होतं, फळ्या ठोकल्या होत्या. मी तिकडेही, जाऊन पाहिलं होतं. लिफ्टशी मी विचारलं ते, तुला सांगणं सोपं जावं म्हणून. तू हो म्हणालीस, ते, माझ्यासाठी म्हणालीस, हे कळलं. आता खरं सांगायचं असेल तर, ये. मी रागावणार नाही. आणि मुलगी, कामावर गेली की, मला दिवसभर करमत नाही.'

वहिनीला म्हटलं, जेवायला थांबू नकोस. निघते आहे.